बहात्तर आसनांच्या विमानातली नोकरी

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली. विमान अलायन्स एअरचे, दोन पंख्यांचे एटीआर-७२, मुंबईहून आलेले. आर्वी-आष्टीच्या पट्ट्यातल्या माणसाला नागपूरच्या सोनेगावापेक्षा बेलोरा जवळ पडते, त्यामुळे या विमानाचे कौतुक वर्धा जिल्ह्यातही झाले. तिकीट किती, आठवड्यातून किती दिवस, १,८५० मीटरच्या धावपट्टीवर मोठे विमान कधी उतरणार, याची चर्चा चहाच्या टपरीपासून तहसील कचेरीपर्यंत चालली. पुढच्या काचेमागे बसलेली दोन माणसे कोणाच्या नोकरीत आहेत, किती वर्षांच्या करारावर आहेत आणि तिथवर पोचायला त्यांच्या घरावर किती कर्ज चढले, हे मात्र कोणी विचारल्याचे माझ्या कानावर आले नाही.

हे पुस्तक त्या दोन माणसांविषयी आहे. वैमानिक कसे व्हावे हे सांगणारी माहितीपत्रके पुष्कळ मिळतात आणि त्यांतली बहुतेक प्रशिक्षण विकणाऱ्या संस्थांनीच छापलेली असतात. परवाना हातात आल्यावर पुढची तीस-पस्तीस वर्षे कशी जातात, नोकरी कोण देते, कोणत्या अटींवर देते, आणि लहान गावांना जोडणारे उड्डाण मोठ्या कंपन्यांनी हळूहळू दुसऱ्यांच्या हाती का सोपवले, हे त्यांत नसते. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, देवळीच्या घरांत आज बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घेतलेली मुले-मुली पायलट व्हायचे म्हणतात. त्यांच्या आईवडिलांना जे कळायला हवे, ते नेमके या न सांगितलेल्या भागात आहे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. लहान विमान हे वैमानिकाच्या आयुष्यातले पहिले घर असते. ते मोठ्या कंपनीच्या आवारात होते तोवर वैमानिकालाही आधार होता आणि लहान गावालाही. ते आवाराबाहेर काढून कंत्राटावर दिल्यापासून दोघेही मुदतीवर जगत आहेत. गावाची सेवा आणि वैमानिकाची नोकरी हे दोन वेगळे प्रश्न समजून आपण त्यांवर बोलतो, म्हणून एकाचेही उत्तर सापडत नाही.

आपल्या भागाला हा प्रश्न नवा नाही. १९४९ च्या सुरुवातीला देशात रात्रीची विमान टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री डकोटा विमाने निघत, मध्यरात्रीनंतर नागपूरला सोनेगावच्या धावपट्टीवर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या शहरी परत गेलेली असत. मुंबई-नागपूर ही सरळ रेषा सेलू तालुक्याच्या आसपास वर्धा जिल्ह्यावरूनच जाते. म्हणजे सेवाग्राम-पवनारच्या परिसरात कंदिलाच्या उजेडात लिहिलेले पत्र ज्या विमानाने मुंबईला जाई, ते याच आकाशातून रात्री घरघरत जात होते.

टपाल सरकारचे होते. विमाने आणि वैमानिक मात्र खासगी कंपन्यांचे. सुरुवातीला इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्सने हे काम केले, त्याच वर्षी ते हिमालयन एव्हिएशनकडे गेले आणि पुढे डेक्कन एअरवेजकडे. वाट तीच, धावपट्टी तीच, वेळ तीच. मालक तेवढे बदलत गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्कराने मागे टाकलेली डकोटा विमाने स्वस्तात मिळत होती, युद्धात उडायला शिकलेले वैमानिक कामाच्या शोधात होते आणि परवाने मागेल त्याला मिळत होते. बाजारात मावणार नाहीत एवढ्या कंपन्या निघाल्या आणि त्यांतल्या काही लगेच बुडाल्याही. कंपनी बुडाली की वैमानिकाची सगळी सेवा शून्यावर येई. १९५३ चा एअर कॉर्पोरेशन्स कायदा आला, आठ खासगी कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या आणि देशांतर्गत उड्डाणे इंडियन एअरलाइन्सकडे आली, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे. मालकी बदलली म्हणून धोका संपला नाही. त्याच वर्षी १२ डिसेंबरला सोनेगावहून मद्रासकडे निघालेले टपालाचे डकोटा उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि कामगार नेते हरिहरनाथ शास्त्री त्यात गेले. परंतु वैमानिकाच्या नोकरीपुरते बोलायचे तर १९५३ ने एक मोठी गोष्ट केली. देशातले लहान-मोठे सगळे देशांतर्गत उड्डाण एका घरात आणले, आणि त्या घरात ज्येष्ठतेची एकच यादी लागली.

ही ज्येष्ठतेची यादी समजल्याशिवाय वैमानिकाचा व्यवसाय समजत नाही. डॉक्टर एक रुग्णालय सोडून दुसरीकडे गेला तर त्याचा अनुभव त्याच्याबरोबर जातो आणि पगारात दिसतो. वैमानिकाचे उड्डाणाचे तास त्याच्याबरोबर जातात, पण ज्येष्ठता जात नाही. कंपनीत रुजू झाल्याच्या दिवशी मिळालेला क्रमांक त्याचे पुढचे सगळे ठरवतो : कोणत्या विमानावर जायचे, कमांड (कॅप्टनपद) कधी मिळायची, राहायचे ठिकाण कोणते, दिवाळीला सुट्टी कोणाला. वीस वर्षे कॅप्टन असलेला माणूस कंपनी बंद पडल्यावर दुसरीकडे गेला, तर तो त्या यादीत आज लागलेल्या मुलांच्या आसपास येतो. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली तेव्हा हे शेकडो घरांत घडले. त्याआधी २०१२ मध्ये किंगफिशरच्या वेळीही घडले होते.

इंडियन एअरलाइन्सच्या काळात नवा वैमानिक आधी डकोटा, मग अ‍ॅव्हरो किंवा फॉकर फ्रेंडशिप अशा पंख्याच्या विमानावर जाई. तिथे तो लहान धावपट्ट्या, पावसाळी ढग, दिवसातून चार-पाच वेळा उतरणे-उडणे हे सगळे अंगात मुरवून घेई. मग क्रमांक आला की बोइंग ७३७, आणि त्यानंतर एअरबस. लहान विमानावर घालवलेली वर्षे त्याच यादीत मोजली जात. सौदामिनी देशमुख यांचे उदाहरण मराठी वाचकाला जवळचे आहे. नोव्हेंबर १९८५ मध्ये कलकत्ता-सिलचर मार्गावर कर्मचारी वर्गात फक्त महिला असलेले इंडियन एअरलाइन्सचे उड्डाण झाले, तेव्हा कमांडरच्या आसनावर त्या होत्या आणि विमान होते फॉकर फ्रेंडशिप. पुढे त्याच कंपनीत त्या बोइंग ७३७ च्या आणि मग एअरबस ए-३२० च्या कमांडर झाल्या. ईशान्येतल्या एका लहान शहराला जाणारे पंख्याचे विमान आणि देशातले त्या वेळचे सर्वांत नवे जेट एकाच कंपनीत होते, म्हणून एका वाटेने हा प्रवास होऊ शकला. त्यांची गुणवत्ता तर होतीच. ती वर चढण्यासाठी संस्थेने बांधलेला जिनाही होता.

त्या व्यवस्थेत दोष नव्हते असे कोणी म्हणणार नाही. विमाने कमी होती, भरती वर्षानुवर्षे होत नसे, तिकीट सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हते, आणि वर्ध्यासारख्या जिल्ह्यातून वैमानिक होणे जवळजवळ अशक्य होते. या पुस्तकात त्या दिवसांचे गोडवे गायलेले नाहीत.

पहिली फूट १९८१ ची. लहान गावांसाठी वायुदूत ही वेगळी कंपनी इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया यांनी मिळून काढली. सुरुवात ईशान्येसाठी झाली, पुढे डॉर्निअर विमाने घेऊन ती महाराष्ट्रातल्या शहरांपर्यंतही आली. तोटा वाढत गेला आणि १९९३ मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करण्यात आली. तीनच वर्षांनी, १९९६ मध्ये, इंडियन एअरलाइन्सने अलायन्स एअर ही उपकंपनी काढली. सुरुवातीला तिच्याकडे जुनी बोइंग ७३७ होती, नंतर एटीआर आली. खर्च कमी ठेवण्यासाठी वैमानिकांसह बहुतेक नेमणुका मुदतीच्या करारावर झाल्या. मूळ कंपनीची ज्येष्ठता यादी वेगळी, हिची वेगळी. प्रवाशाला तिकिटावर एकच घराणे दिसत होते. आत दोन वर्ग तयार झाले. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली. अलायन्स एअर त्या व्यवहारात नव्हती, ती सरकारकडेच राहिली. बेलोऱ्याला विमान आणणारी कंपनी ती हीच. एअर इंडियाकडे आज पंख्याचे एकही विमान नाही. म्हणजे अलायन्स एअरमध्ये एटीआरवर उडणाऱ्या सहवैमानिकाला एअर इंडियाच्या मोठ्या विमानावर जायचे असेल, तर त्याला राजीनामा देऊन, बाहेरच्या उमेदवारासारखे दार ठोठावावे लागते.

वर्धा-नागपूर रस्त्यावर रोज जाणाऱ्यांना ही रचना परकी वाटणार नाही. एसटीने २०१७ पासून शिवशाही गाड्या आणल्या, त्यांतल्या बऱ्याच भाड्याच्या होत्या : गाडीवर नाव एसटीचे, वाहक एसटीचा, चालक मात्र कंत्राटदाराचा. त्याचा पगार, त्याची झोप, त्याची रजा यांचा जबाब महामंडळाकडे मागायचा की कंत्राटदाराकडे, हे प्रवाशाला ठाऊक नसे. विमानाच्या धंद्यात ही रचना जगात सर्वांत मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत वाढली, आणि तिचे परिणामही तिथे सर्वांत आधी दिसले. म्हणून या पुस्तकातले एक लांब प्रकरण अमेरिकेवर आहे, आणि इथेही मी त्यावर थोडा थांबणार आहे.

अमेरिकेने १९७८ मध्ये विमान वाहतुकीवरचे भाड्याचे आणि मार्गांचे सरकारी नियंत्रण उठवले. मोठ्या कंपन्यांनी काही मोठी शहरे केंद्रे म्हणून निवडली आणि आसपासच्या लहान शहरांतून प्रवासी तिथे आणून ओतायचे काम लहान कंपन्यांना दिले. विमानावर रंग मोठ्या कंपनीचा, तिकीट मोठ्या कंपनीचे; विमान उडवणारी कंपनी तिसरीच, उड्डाणामागे ठरलेली रक्कम घेणारी. मोठ्या कंपन्यांतल्या वैमानिक संघटनांना आपले काम जाईल ही भीती होती, म्हणून त्यांनी करारात अट घालून घेतली की बाहेर द्यायच्या विमानांची आसने एका मर्यादेपलीकडे असू नयेत. ही मर्यादा बरीच वर्षे ७६ आसनांभोवती घुटमळते आहे आणि विमान बनवणारे कारखानेही तिच्याकडे पाहून विमाने आखतात. संघटनांनी मोठ्या विमानांवरचे काम वाचवले. ७६ आसनांखालचे सगळे मात्र त्या अटीने बाहेर मोकळे सोडले, आणि तिथे पगार घसरत गेले. कंत्राट कमी दरात मिळवायचे तर इंधन आणि विमान सगळ्यांना सारख्याच किमतीत मिळते. उरतो माणसाचा पगार.

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री न्यूअर्कहून बफेलोला निघालेले एक विमान उतरण्याआधी कोसळले. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण गेले. तिकिटे कॉन्टिनेंटल या मोठ्या कंपनीच्या नावाने विकली होती. उड्डाण कोलगन एअर या लहान कंपनीचे होते. वेग कमी होत गेला, धोक्याची सूचना आली आणि कॅप्टनने जे करायला नको तेच केले, नाक वर ओढले. चौकशीत बाकीच्या गोष्टी बाहेर आल्या. सहवैमानिक तरुणी देशाच्या दुसऱ्या टोकाहून, सिअ‍ॅटलहून, रात्रभर मालवाहू विमानांतून प्रवास करून कामावर आली होती, कारण न्यूअर्कला घर भाड्याने घ्यावे एवढा तिचा पगार नव्हता. तो वर्षाला सोळा हजार डॉलरच्या आसपास असल्याचे सुनावणीत पुढे आले. तिला सर्दी होती. कॅप्टनने आदली रात्र कर्मचाऱ्यांच्या खोलीत काढली होती आणि परीक्षांत तो आधी अनेकदा नापास झाला होता.

मृतांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टनमध्ये पाठपुरावा केला आणि २०१० मध्ये कायदा झाला. ऑगस्ट २०१३ पासून तिथे प्रवासी विमानात सहवैमानिकालाही साधारण १,५०० तासांचा अनुभव लागतो. (आपल्याकडे २०० तासांच्या व्यावसायिक परवान्यावर, त्या विमानाचे स्वतंत्र प्रशिक्षण झाल्यावर, उजव्या आसनावर बसता येते, या फरकाची दोन्ही बाजूंनी चर्चा पुढे एका प्रकरणात आहे.) १,५०० तास भरायला खर्च मोठा आणि त्यानंतर मिळणारा पगार तुटपुंजा, हे गणित पाहून मुले या व्यवसायात यायची कमी झाली. कोविडच्या काळात मोठ्या कंपन्यांतून अनेकांनी लवकर निवृत्ती घेतली आणि प्रवासी परतले तेव्हा त्यांनी लहान कंपन्यांचे वैमानिक उचलले. मार्च २०२२ मध्ये स्कायवेस्ट या कंपनीने सरकारी अनुदानावर चालणारी २९ लहान शहरांची सेवा थांबवण्याची नोटीस दिली. कारण काय दिले? वैमानिक नाहीत. अनुदान होते, विमाने होती, विमानतळ होते, प्रवासी होते. त्याच वर्षी अमेरिकन एअरलाइन्सच्या लहान उपकंपन्यांनी नव्या सहवैमानिकाचा दर तासाला ९० डॉलरवर नेला. चाळीस वर्षे जो पगार परवडत नाही म्हणून सांगितले जात होते, तो काही आठवड्यांत परवडला. त्या पगाराअभावी ज्या गावांची विमाने गेली, ती मात्र नुसत्या पगारवाढीने आपोआप परत येत नाहीत.

आता ही घटना डोळ्यांपुढे ठेवून लहान शहरे विमानाने जोडण्याची आपली उडान योजना पाहू. २०१६ मध्ये ती जाहीर झाली, एप्रिल २०१७ मध्ये पहिली उड्डाणे झाली आणि त्यांत नांदेड-हैदराबाद हे मराठी मुलखातले उड्डाण होते. रचना थोडक्यात अशी : कंपन्यांनी मार्गांसाठी बोली लावायची. विमानातली ठरावीक आसने मर्यादित भाड्यात द्यायची. सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपये अशी ती मर्यादा होती. जी तूट येईल ती सरकार तीन वर्षे भरून देणार. तिच्यात राज्याचा वाटा साधारणपणे पाचवा हिस्सा. विमानतळाचे उतराई शुल्क माफ, इंधनावरचा राज्याचा कर जवळपास नाममात्र, आणि त्या मार्गावर तीन वर्षे दुसरा कोणी येणार नाही याची हमी. हेतू चांगला आहे आणि त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. नागपूरला पोचायलाच ज्याला दोन-अडीच तास लागतात, त्या आर्वीकडच्या माणसाला मुंबईच्या रुग्णालयात त्याच दिवशी पोचता आले, तर ती चैन म्हणता येणार नाही.

पण महालेखापालांचा २०२३ चा अहवाल वाचावा. योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग दिले गेले, त्यांतले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षांची मुदत पुरी करणारे ११२. मुदत संपल्यावर, म्हणजे अनुदान थांबल्यावर, मार्च २०२३ पर्यंत टिकून राहिलेले अवघे ५४. विदर्भातले उदाहरण गोंदियाचे. बिरशी विमानतळावरून मार्च २०२२ मध्ये फ्लायबिगने इंदूर आणि हैदराबादची सेवा सुरू केली, आणि ती फार काळ टिकली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये इंडिगोचे विमान येईपर्यंत गोंदियाकर पुन्हा रेल्वेवर. नांदेडचे पहिले उड्डाण करणारी ट्रूजेट फेब्रुवारी २०२२ मध्ये थांबली. कोकणातल्या चिपीला ऑक्टोबर २०२१ मध्ये वाजतगाजत सुरू झालेली अलायन्स एअरची मुंबई सेवा तीन वर्षांनी, मुदतीबरोबरच, बंद झाली.

या प्रत्येक ठिकाणी बातमी गावाच्या बाजूने लिहिली गेली : अमुक शहराचे विमान बंद. त्या विमानात बसणाऱ्या वैमानिकाच्या बाजूने ती लिहून पाहा. तीन वर्षांच्या अनुदानावर उभ्या असलेल्या मार्गासाठी कंपनी पाच-सहा विमाने भाड्याने घेते. त्यांवर एटीआरचे स्वतंत्र प्रशिक्षण झालेले वैमानिक लागतात. ते प्रशिक्षण एअरबसवर उपयोगी पडत नाही. तिथे जायचे तर पुन्हा शिकायचे आणि बहुधा पुन्हा पैसे भरायचे. तीन वर्षांनी मार्ग राहील की नाही, कंपनी राहील की नाही, हे ठाऊक नाही. अशा स्थितीत पुरेसे तास झाले की मोठ्या कंपनीकडे पळणे हाच शहाणपणा ठरतो, आणि जो तो तेच करतो. मग कॅप्टन कमी पडतात, उड्डाणे रद्द होतात, प्रवाशाचा भरवसा उडतो, आसने रिकामी राहतात, मार्ग तोट्यात जातो. या साखळीत धुके, लहान धावपट्टी, महाग इंधन, समृद्धी महामार्ग ही कारणेही आहेत आणि पुढच्या प्रकरणांत ती मांडली आहेत. परंतु माणूस टिकत नाही हे कारण मोजले जात नाही, म्हणून मी ते आधी सांगतो आहे.

भारतात दुसरी वाटही आहे. इंडिगोने डिसेंबर २०१७ पासून एटीआर आपल्याच कंपनीत ठेवली. वेगळी उपकंपनी काढली नाही. तिथल्या एटीआरच्या वैमानिकाला एअरबसकडे जाण्याची वाट कंपनीच्या आतच आहे. त्या कंपनीविषयीचे आक्षेप माझ्याकडे पुष्कळ आहेत. नोव्हेंबर २०२५ पासून वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पूर्ण लागू झाले, आठवड्याची विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास आणि रात्रीच्या उतरणींवर कडक मर्यादा, त्यानंतर डिसेंबरमध्ये तिची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि नियामकाला तिच्यासाठी सूट द्यावी लागली. माणसे पुरेशी ठेवायची नाहीत ही खोड मोठ्या घरातही आहे. तरीसुद्धा लहान विमान घरात ठेवणे आजच्या काळातही शक्य आहे, एवढे तिच्या उदाहरणाने सिद्ध होते.

आता वर्ध्याच्या घरात येऊ. व्यावसायिक परवान्याचा खर्च देशात पन्नास-साठ लाखांच्या आसपास किंवा वर जातो. एखाद्या विमानाचे प्रशिक्षण, ज्याला सगळे टाइप रेटिंग म्हणतात, त्याचे आणखी लाखो रुपये. मोठ्या कंपन्यांच्या कॅडेट योजनेतून गेले तर आकडा कोटीच्या घरात. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत विनातारण मिळते. त्यावर तारण लागते. आणि इथे शेतकरी घराची कोंडी होते. सेलू किंवा समुद्रपूरकडे दहा एकर ओलिताचे वावर असले, तरी २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली असल्यामुळे बँका अशा कर्जाला ती सहसा तारण घेत नाहीत. शहरातला प्लॉट, बांधलेले घर, नोकरदाराची जामीनकी पाहिजे. म्हणून वावर विकायचा विचार सुरू होतो. माझी कळकळीची विनंती आहे की तो विचार करण्याआधी मुलाची किंवा मुलीची वैद्यकीय तपासणी, आधी दुसऱ्या आणि मग पहिल्या श्रेणीची, पूर्ण करून घ्यावी. रंग ओळखण्यातला दोष किंवा हृदयाचा एखादा बारीक बिघाड अर्धे पैसे भरल्यावर कळला, तर वावर परत मिळत नाही.

प्रशिक्षणाच्या सोयी मात्र जवळ येत आहेत. बिरशीला राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था गेली कित्येक वर्षे चालू आहे. नागपूर फ्लाइंग क्लब दीर्घकाळ थंडावला होता. तो आता चंद्रपूरजवळच्या मोरवा धावपट्टीकडे वळला आहे. बेलोऱ्याला एअर इंडियाची मोठी प्रशिक्षण संस्था उभी राहण्याची घोषणा जुलै २०२४ मध्ये झाली, ३४ विमाने आणि वर्षाला १८० वैमानिक अशी तिची आखणी आहे. म्हणजे वर्ध्याच्या पूर्वेला एक, पश्चिमेला एक आणि दक्षिणेला एक, अशा उडायला शिकवणाऱ्या जागा असतील. परवाने वाढतील. ते परवाने घेऊन मुले पहिल्यांदा कुठे बसणार, या प्रश्नाचे उत्तर प्रशिक्षण संस्थेकडे नसते. ते लहान विमानांच्या कंपन्यांच्या अवस्थेत असते.

नोकरी लागल्यावर पहिला कागद येतो तो बाँडचा : इतकी वर्षे सोडायचे नाही, सोडले तर इतकी रक्कम. शिवाय २०१७ च्या नियमाप्रमाणे कॅप्टनला वर्षभराची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. मधूनच वैमानिक गेल्याने प्रवाशांचे हाल होतात, हे त्यामागचे कारण खरे आहे. पण कंपनीला बंद पडण्यासाठी अशी कोणतीही नोटीस लागत नाही. ही विषमता मला अन्यायाची वाटते आणि ती तशी म्हणायला मी कचरत नाही.

उडानच्या निविदेत विमानाचा प्रकार, आसने, भाडे, फेऱ्या सगळे लिहिलेले असते. त्याच निविदेत एवढे घालता येईल : मार्गासाठी किती वैमानिक कायम नेमणुकीवर आहेत हे दाखवावे, त्यांचा पगार थकला तर अनुदानाचा हप्ता थांबावा, आणि कंपनी मध्येच मार्ग सोडून गेली तर नव्या कंपनीने त्या वैमानिकांना आधी बोलवावे, त्यांची सेवा मोजून. तुटीचा पाचवा हिस्सा महाराष्ट्र सरकार भरत असेल, तर हे मागण्याचा अधिकार महाराष्ट्राला आहे आणि आपल्या आमदार-खासदारांना तो वापरायला सांगण्याचा अधिकार आर्वी-वर्ध्याच्या मतदाराला आहे. अमरावतीचे विमान टिकावे म्हणून निवेदने देणाऱ्यांनी आपल्या निवेदनात ही ओळ घालावी.

पुस्तकाची मांडणी मुद्दाम उलटी ठेवली आहे. कर्ज, तारण आणि बाँड यांची प्रकरणे आधी आहेत. परीक्षा, तास आणि परवाना नंतर. उडण्याच्या आनंदाचे प्रकरण तिसऱ्या भागात आहे, आणि ते मनापासून लिहिले आहे, कारण पावसाळ्यात वर्धा नदीच्या वळणावरून ढग चुकवत एटीआर खाली आणणे हे मोठे कसबाचे आणि मोठ्या समाधानाचे काम आहे. ज्याला ते करायचे आहे त्याला परावृत्त करण्याचा माझा हेतू नाही. बाँडचा नमुना शेवटच्या पानांत दिला आहे, प्रत्येक कलमाखाली साध्या मराठीत अर्थ लिहून. सही करण्याआधी कंपनीकडून बाँडची प्रत घरी मागावी, निदान आठ दिवस, आणि ती वर्ध्यातल्या किंवा नागपुरातल्या वकिलाला दाखवावी. प्रत घरी नेऊ न देणाऱ्या कंपनीत सही करू नये.